पाकोळीच्या वारेच्या (प्लासेंटाच्या) स्लाईड्स बाहेरून करून घेतल्या, अनुभव

आमच्या डिपार्टमेंटच्या कपाटात पाकोळीच्या (पिपिस्ट्रेलस, लहान वटवाघूळ) गर्भाशयाचे जुने पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेले तुकडे) पडून होते, नवीन प्राणी पकडायचे नव्हतेच, म्हणून एका खाजगी हिस्टॉलॉजी (ऊतींच्या स्लाईड्स करणाऱ्या) लॅबकडून ५ मायक्रॉनचे सिरीयल सेक्शन, म्हणजे ओळीने पातळ काप, कापून घेतले. नाव देत नाही, कारण खाली एक तक्रार पण आहे.

आधी चांगलं सांगते. जुने ब्लॉक ठिसूळ होतात, ब्लेड लागलं की भुगा, पण यांनी ब्लॉक बर्फावर ठेवून कापले आणि कापांची रिबन सलग आली. वारेचं काम असेल तर हे फार महत्त्वाचं, कारण बदल कळतो तो सगळ्या स्टेज एकाच जाडीच्या असल्या तरच. सुरुवातीच्या स्टेजला आईच्या रक्तवाहिन्यांचं एंडोथेलियम (आतलं अस्तर) फुगीर पेशींचं, जागच्या जागी, भोवती ट्रोफोब्लास्ट (गर्भाकडच्या बाहेरच्या पेशींचा थर). पी.ए.एस. स्टेनमध्ये (हा गुलाबी रंग देणारा स्टेन) या दोघांच्या मधलं पटल असं गडद गुलाबी उमटलंय की बघतच राहिले. नंतरच्या स्टेजला ते एंडोथेलियमच गायब, रक्त थेट ट्रोफोब्लास्टला लागून, आणि आई-बाळाच्या रक्तातला पडदा पातळ पातळ होत गेलेला. योक सॅक (गर्भाची पीतक पिशवी) पण सोडू नका, लोक ती संपली म्हणून पुढे जातात, पण ती आक्रसून शेवटपर्यंत राहते आणि तिच्या पेशी मोठ्या होऊन ग्रंथीसारख्या दिसतात.

शेवटच्या स्टेजला ट्रोफोब्लास्टचे थर एक की दोन हे मात्र या स्लाईड्सवरून ठरवू नका. एंडर्स आणि विमसॅट या संशोधकांनी १९६८ मध्ये अमेरिकेतल्या मायोटिस वटवाघळात दोन थर दाखवले ते इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर. नागपूरच्या गोपालकृष्ण सरांचे वटवाघळांच्या वारेवरचे पेपर शेजारी ठेवून बघितलं तर खूप उलगडतं.

तक्रार ही की एका लॉटची लेबलं उलटसुलट झाली, मधली स्टेज शेवटची म्हणून आली, मी दोन दिवस डोकं धरून बसले की एंडोथेलियम परत आलं कुठून. फोन केल्यावर मान्य केलं आणि तो लॉट फुकट परत कापून दिला. काही स्लाईड्सवर कव्हरस्लिपखाली हवेचे बुडबुडेही होते.

पाचपैकी चार. देताना ब्लॉकच्या लाकडी ठोकळ्यावरच पेन्सिलने नंबर टाका, चिठ्ठी सुटून पडते.