सुटी किचन कपाटं घरी जोडली, त्याला १६ महिने झाले

दिवाळीच्या साफसफाईत सिंकखालचं कपाट रिकामं केलं. तळाच्या फळीवरून फडकं फिरवताना पाइपच्या भोकाच्या कडेला बोट आत रुतलं. १८ मिलिमीटरची फळी तिथे फुगून २३ झाली होती, चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी. त्याच कपाटाचं दार महिनाभर घासत होतं, आम्ही ते रोज जरा उचलून लावायचो. त्या दिवशी लिहायला बसले असते तर ‘पार्टिकल बोर्ड (भुसा आणि डिंक दाबून केलेली फळी) अजिबात घेऊ नका’ एवढंच लिहिलं असतं. आता आणखी एक पावसाळा गेलाय आणि मत बरंच बदललंय.

आमचा डोंबिवलीतला फ्लॅट जुना, ग्रॅनाइटचा ओटा, खाली कडाप्पा. सुताराने सांगितलेल्या आकड्याच्या निम्म्याहून कमी पैशांत कपाटं खोक्यांतून घरी आली. सासऱ्यांनी आणि मी चार रविवारांत ती जोडली. वाचलेले पैसे मुलीच्या क्लासच्या फीला गेले, त्यामुळे हा व्यवहार मला वाया गेलेला चालणार नव्हता.

तक्रार केली. कंपनीचा माणूस दिलेल्या तिसऱ्या तारखेला उगवला, दोन फोटो काढले आणि म्हणाला, “मॅडम, तुम्ही स्वतः जोडलंय, वॉरंटी लागू होत नाही.” पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर मात्र ‘घरच्या घरी जोडा’ असं चित्रासकट छापलंय! फोन, मेल, पुन्हा फोन यात तीन आठवडे गेले आणि शेवटी तळाची फळी मी पैसे भरून मागवली. तो राग अजून गेलेला नाही.

पण दार घासत होतं ते फळीमुळे नव्हे. हे सोसायटीत काम करणाऱ्या सुतारकाकांनी दाखवलं. बिजागरीला त्यांनी हातही लावला नाही. कपाट पुढे ओढून पाठीमागे टेप धरला, एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात, मग उलट. एक कर्ण ९४१, दुसरा ९३३. “वहिनी, पाठच तिरकी बसलीय. दाराला कशाला दोष देता?”

कपाट ६०० बाय ७२० चं. काटकोनात असेल तर दोन्ही कर्ण ९३७ च्या आसपास यायला हवेत. आमच्यात ८ मिलिमीटरचा फरक होता. पाठीचं ते ३ मिलिमीटरचं पातळ शीट मी झुरळं आणि धूळ अडवायला असतं असं समजून शेवटी घाईत चार खिळ्यांवर ठोकलं होतं. खरं तर कपाटाला आडवं झुकू न देण्याचं काम मुख्यतः तेच करतं. बाजूच्या फळ्या, डॉवेल (फळ्या जोडणाऱ्या लाकडी खुंट्या), मिनिफिक्स (बोल्ट आणि तो आवळणारा गोल कॅम) यांनी कपाट उभं राहतं, पण रोज दार ओढलं-ढकललं की पत्त्यांच्या घरासारखं कलायला बघतं. ते रोखायचं शीटने, आणि त्यासाठी ते चारही कडांनी घट्ट हवं.

मग सगळी कपाटं पुन्हा उघडली. हो, सगळी. कपाट तोंडावर पालथं घालायचं, कर्ण मोजायचे, जो कर्ण जास्त भरेल त्याचे कोपरे आत दाबायचे. दोन्ही सारखे झाले की सासरे दाबून धरायचे आणि मी खिळ्यांऐवजी साधारण १० सेंटिमीटरवर एक अशा बारीक स्क्रूंनी शीट बसवायची. सहा कपाटांना दोन दिवस लागले. त्यानंतर एकही दार घासलेलं नाही, तेव्हा तुम्ही बाकी काहीही विसरलात तरी कर्ण मोजायला विसरू नका.

लाकडी डॉवेलच्या भोकात फेव्हिकॉल घाला, पुस्तिकेत लिहिलेलं नसलं तरी. लॅमिनेटच्या गुळगुळीत पृष्ठावर तो धरत नाही, भोकात आणि कच्च्या कडेवर धरतो. एकदा डिंक वाळला की सांधा सुटणार नाही, म्हणून आधी कोरडं जोडून बघा. मिनिफिक्सचा गोल कॅम बसवताना त्यावरचा बाण बोल्टकडे हवा, मग अर्धा फेरा, घट्ट लागेपर्यंत. आमचे दोन अर्धवट फिरलेले निघाले. आणि ड्रिल मशीनने शेवटपर्यंत स्क्रू पिळू नका. बोर्डात भुसाच असतो, आटे एकदा गेले की स्क्रू नुसता फिरत राहतो. माझं एक भोक असं गेलं, त्यात फेव्हिकॉल लावलेल्या काड्यापेटीच्या काड्या ठोकल्या, वाळल्यावर हाताच्या स्क्रू ड्रायव्हरने पिळलं. अजून पक्कं आहे.

ओट्याखालची फरशी मोरीकडे उतरती असते, म्हणून आधी स्पिरिट लेव्हल ठेवून कपाटाचे मागचे-पुढचे पाय फिरवून घ्या. १०० मिलिमीटरच्या त्या प्लास्टिक पायांवर मी सुरुवातीला नाक मुरडलं होतं. पण रोज फरशी धुऊनही बोर्डापर्यंत पाणी पोचलेलं नाही.

तांदळाचे डबे ९०० मिलिमीटरच्या लांब फळीवर ठेवू नका. लांबी दुप्पट झाली की तेवढ्याच वजनाला फळी साधारण आठपट वाकते. मी मध्ये एक उभी पट्टी दिली.

आनंदाचा धक्का बिजागरीने दिला. एक सॉफ्ट-क्लोज बिजागरी मेली, कंपनीने सुटा भाग द्यायला महिना सांगितला. स्टेशनजवळच्या हार्डवेअरच्या दुकानात ३५ मिलिमीटर कपची (दारात बसणाऱ्या गोल वाटीची) बिजागरी मिळाली आणि कपाटाच्या आतल्या बाजूला बसणाऱ्या तिच्या पट्टीचे स्क्रू जुन्याच भोकांत बसले, कारण ती भोकं ३२ मिलिमीटर अंतराच्या ठरलेल्या मापाची असतात. दहा मिनिटांत काम झालं.

नवी फळी बसवताना पाइपचं भोक पाडलं, आतली कच्ची कड सिलिकॉनने बुजवली आणि मागची उघडी कडही. या पावसाळ्यात सिंकचा सायफन एकदा रात्रभर गळला. सकाळी फळी पुसली, टेप लावला, १८ च.

सेवेला एक तारा, कपाटांना चार. पुन्हा घ्यायची वेळ आली तर फक्त सिंकखालचं कपाट सुताराकडून आयएस ७१० या भारतीय मानकाच्या मरीन (पाण्याला टिकणाऱ्या) प्लायवूडमध्ये करून घेईन, बाकी हीच आणीन.