नाना पेठेतले सहा शनिवार: उपदेश शिकवणारं वर्कशॉप कसं वाटलं

आमच्याकडे पाळकसाहेब एक आणि मंडळ्या, म्हणजे चर्च, तीन, त्यामुळे महिन्यातून एखाद्या रविवारी संदेश, म्हणजे उपदेश, आमच्यासारख्या नोकरीवाल्यांवर येतो. पुण्यात बिबवेवाडीला पाळकांना शिकवणारी एवढी मोठी सेमिनरी आहे, १९८३ ला यवतमाळहून इथे आलेली, पण तिथे शिकायचं तर काही वर्षं मोकळी हवीत आणि ती माझ्याकडे नाहीत. म्हणून नाना पेठेत सहा शनिवारचं वर्कशॉप आहे कळल्यावर लगेच नाव दिलं. फी पंधराशे, जेवण धरून. पार्किंगचं मात्र विसरा, बसने क्वार्टर गेटला उतरून चालत गेलेलं बरं.

मी का गेले ते सांगते. मागच्या वर्षी मामा आयसीयूत होते आणि हडपसरला मामींच्या घरी प्रार्थना होती, मला वचन सांगायला लावलं. मी बायबलमधलं यिर्मया २९:११ घेतलं, तेच आपलं, देव म्हणतो तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, कॅलेंडरवर असतं ते. आणि अगदी विश्वासाने सांगितलं की मामी, काळजी करू नका, मामा घरी येणार, देवाने लिहून दिलंय. आठव्या दिवशी मामा गेले. मामी मला एक शब्द बोलल्या नाहीत, पण त्यानंतर पुलपिटवर उभं राहिले की माझे हात थरथरायचे.

दुसऱ्या शनिवारी सरांनी नेमकं तेच वचन दिलं. म्हणाले, अकरावं वाचू नका, अध्याय पहिल्यापासून वाचा, एकेकाने एक ओवी. तर ते पत्र आहे, यिर्मया संदेष्ट्याने बाबेलमध्ये पकडून नेलेल्या लोकांना लिहिलेलं. घरं बांधा, मळे लावा, लग्नं करा, ज्या शहरात नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. आणि दहाव्या ओवीत येतं, परत यायला सत्तर वर्षं! ती ओवी वाचायची पाळी माझीच होती, माझा आवाजच फुटेना. मग सरांनी आधीचा, अठ्ठाविसावा अध्याय उघडायला लावला. तिथे हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर सांगतोय की दोन वर्षांत सगळं परत येणार. लोकांना कोणाचं आवडलं असेल सांगा, दोन वर्षंवाल्याचं की सत्तरवाल्याचं? सर एवढंच म्हणाले की दोघंही 'परमेश्वर असं म्हणतो' असंच बोलत होते, आणि त्या दिवशी मला कळलं की मामींच्या घरी मी हनन्याचा संदेश यिर्मयाच्या ओवीतून दिला होता.

हा एक शनिवार जरी मिळाला असता तरी माझे पैसे वसूल होते, खरंच सांगते.

उतारा कोणाला लिहिलाय, का लिहिलाय, त्याचा रोख कुठे आहे, हे सापडल्याशिवाय उदाहरण शोधायला जायचंच नाही असा तिथला नियम आहे. फिलिप्पै ४:१३, 'मला सामर्थ्य देणाऱ्यामुळे मी सर्व काही करू शकतो', ते पण असंच, प्रेषित पौल तुरुंगात बसून लिहितोय, भरपूर असो की उपासमार, दोन्हीत राहायला शिकलोय म्हणतोय, आणि आपण ते दहावीच्या पोरांना परीक्षेआधी देतो.

चौथ्या शनिवारी प्रॅक्टिकल असतं. पाच मिनिटं बोलायचं आणि समोरच्याने ऐकलेलं एका वाक्यात परत सांगायचं. माझ्यासमोर पीएमटीतून, म्हणजे पुण्याच्या बससेवेतून, रिटायर झालेले एक काका होते. मी लूक १५ वर बोलले, हरवलेला मुलगा परत येतो आणि बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो ती गोष्ट, आणि मध्ये माझ्या लहानपणचा स्टेशनवर हरवल्याचा किस्सा घातला. काका म्हणाले, "ताई, तुम्ही स्टेशनवर हरवलात ते लई भारी सांगितलं." बाप धावत गेला ते त्यांच्या कानापर्यंत पोचलंच नव्हतं, आणि चूक काकांची नाही, मी किस्स्याला तीन मिनिटं दिली होती. पुढच्या वेळी किस्सा काढला, फक्त मुलगा अजून लांब आहे आणि बाप धावत सुटलाय एवढंच नीट सांगितलं. काकांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "बाप पोराच्या आधी पोचला." विश्वासू संदेश आणि परिणामकारक संदेश हे मी आजवर दोन वेगळे गुण समजायचे. उताऱ्याशी प्रामाणिक राहिलं तेव्हाच काकांपर्यंत पोचलं की.

आता तक्रार. नोट्सचं मराठी भयंकर आहे, इंग्रजीवरून शब्दाला शब्द लावलेलं, 'श्रोत्यांशी जोडणी प्रस्थापित करा' असलं. अहो, पंडिता रमाबाईंनी केडगावात बसून, हिब्रू ग्रीक शिकून, साध्या बायकांना कळावं म्हणून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी चर्चसाठी मराठीत अभंग आणि भजनं लिहिली, ते जाऊनही १९१९ पासून शंभरच्या वर वर्षं झाली. हा वारसा असताना असल्या नोट्स वाटायच्या? फीडबॅक फॉर्मवर लिहून दिलंय. शिवाय जुन्या करारातली काव्यं, स्तोत्रं वगैरे एका तासात उरकली, त्याला अख्खा शनिवार पाहिजे होता. जेवण साधं पण गरम.

वर्कशॉप संपल्यावर मी मामींकडे गेले आणि माफी मागितली. मग दोघींनी ते पत्र पहिल्या ओवीपासून वाचलं. मामी सत्तरवर थांबल्या, म्हणाल्या, "म्हणजे कित्येक जण तिथंच म्हातारे होऊन गेले असतील." मी म्हटलं, हो. बराच वेळ बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "आणि तरी देवानं त्यांना पत्र लिहिलं." मग म्हणाल्या पुढचं वाच, आणि आम्ही चौदाव्या ओवीपर्यंत वाचलं.

पाचपैकी चार. जाणार असाल तर छापील बायबल घेऊन जा, मोबाईलवर मागचं पान उघडायचं राहून जातं.