दगडांचा कोपरा राखावा की खालचं सपाट रान?

अंजनेरीच्या पायथ्याला जागा घेतली आणि ससे, रानउंदीर, चिचुंद्र्या यांच्यासाठी एखादा तुकडा राखायचा ठरवलं, तर कोणता राखाल? उताराकडचा दगडगोट्यांचा, की खालचा, कुंपण घालता येईल असा सपाट? माझ्या मते हे मोकाट मांजरांकडे बघून ठरवावं. ढाब्यांच्या खरकट्यावर पोसलेली मांजरं रात्री रानात उतरतातच.

सपाट तुकड्यावर लक्ष ठेवणं सोपं, गवतही चांगलं येतं. पण ते कापलं की मांजराचं फावतं. ऑस्ट्रेलियातल्या किंबर्ली भागात संशोधकांनी रानटी मांजरांच्या गळ्यात कॅमेरे बांधले होते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात उघड्यावरच्या ७० टक्के शिकारी साधल्या. दाट गवतात आणि खडकांत फक्त १७ टक्के.

कुंपणाचं म्हणाल, तर साध्या जाळीवर मांजर सहज चढतं. ऑस्ट्रेलियातल्याच ॲरिड रिकव्हरी अभयारण्यात कुंपणाचा वरचा भाग मुद्दाम लवचीक ठेवलाय; मांजर चढलं की तो वाकतो आणि ते खाली पडतं. तसं कुंपण आणि त्याची कायमची डागडुजी आपल्या दहा-वीस गुंठ्यांना परवडायची नाही.

दगडांचा कोपरा मात्र फुकट मिळतो. आपला काळा कातळ थरांचा. थर सुटले की कपारी पडतात, खाली दगडांचा खच साचतो. अशाच एका खचापाशी मी एक बोका पाहिला. खांद्यापर्यंत पंजा फटीत घालून तो बराच वेळ चाचपत होता, शेवटी निघून गेला. सकाळी त्याच फटीच्या तोंडाशी ताज्या लेंड्या आणि कुरतडलेल्या बियांची टरफलं होती. एवढीशी फट, पण आतला जीव वाचला!

तरी नुसता खडक पुरेसा नाही. मध्य ऑस्ट्रेलियातला सेंट्रल रॉक-रॅट हा दुर्मीळ उंदीर आज मॅकडोनेल रांगांच्या खडकाळ कड्यांवरच उरलाय, आणि मांजरं तिथेही पोचतात. शिवाय किंबर्लीतली मांजरं आपला टापू सोडून ताज्या जळालेल्या रानात शिकारीला जाताना आढळली. म्हणून राब, म्हणजे भाताच्या रोपांसाठीची जमीन, भाजताना आग वर सरकणार नाही, अशी जाळरेषा आधीच काढा.

मी दगडांचाच कोपरा राखीन. सपाट जागा आधीच घेतली असेल, तर सपाटीकरणात निघालेले दगड खडी क्रशरला देऊ नका. बांधालगत सैल रचा, मध्ये फटी ठेवा आणि भोवतीचं गवत कापू नका.