दांडिया बाजारातला फाइन आर्ट्सच्या तयारीचा क्लास, माझा वर्षभराचा अनुभव

बडोद्यात फाइन आर्ट्सच्या प्रवेश परीक्षेची तयारी करणारी खूप मुलं मला विचारतात कुठला क्लास लावू, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. मी आत्ता फॅकल्टी ऑफ फाइन आर्ट्सला सेकंड इयरला आहे, पेंटिंग. त्याआधी एक वर्ष दांडिया बाजारातल्या एका घरगुती क्लासला जात होते. पाटी नाही, जाहिरात नाही, जुन्या वाड्यात वरच्या मजल्यावर एक लांब खोली आहे. शिकवणारे रिटायर्ड ड्रॉइंग टीचर आहेत, आम्ही मराठी मुलं त्यांना काका म्हणतो, बाकीची सर म्हणतात.

याच्याआधी मी एका मोठ्या क्लासला सहा महिने घालवले, नाव घेत नाही. तिथे मेमरी ड्रॉइंग, म्हणजे आठवणीतून प्रसंग काढायचा पेपर, त्यासाठी सात-आठ चित्रं पाठ करायची. भाजीबाजार, रेल्वे स्टेशन, गरबा, आणि प्रत्येकाच्या भाजीबाजारात तीच टोपलीवाली बाई त्याच कोपऱ्यात. आर्ट हिस्टरीच्या झेरॉक्स मिळायच्या, पाठ करा टिक करा पुढे चला. मला उत्तरं यायची पण चित्र एकही डोळ्यापुढे यायचं नाही. शेवटी आईच म्हणाली, गेले ते पैसे गेले, तू उगाच जाऊ नकोस तिथे.

काकांकडे पहिल्याच रविवारी क्लास झाला तो खोलीत नाही, कमाटी बागेतल्या म्युझियममध्ये. ही १८९४ ची बिल्डिंग मी लहानपणापासून बघतेय, पण आमच्यासाठी म्युझियम म्हणजे देवमाशाचा सांगाडा आणि ममी, ते बघायचं आणि बाहेर येऊन काहीतरी खायचं. काकांनी सरळ अकोट्याच्या ब्राँझ मूर्तींपुढे नेऊन उभं केलं. अकोटा म्हणजे आपलं अकोटा, जिथून मी रोज ॲक्टिव्हावरून जाते, तिथे १९५१ मध्ये जमिनीतून साठाहून जास्त जैन मूर्ती निघाल्या, त्यातल्या काही पाचव्या-सहाव्या शतकापर्यंत मागे जातात. हे मला एकोणीस वर्षं बडोद्यात राहून माहीत नव्हतं!

तिथे मी जीवंतस्वामींची मूर्ती काढली. वीस मिनिटं बसून, मन लावून. काकांनी कागद बघितला आणि एवढंच विचारलं, "अगं, मुकुट कुठे गेला?" मी मूर्तीकडे बघितलं तर डोक्यावर चांगला मोठा मुकुट, अंगावर दागिने. मी काढलेच नव्हते. का, तर तीर्थंकर म्हणजे अंगावर काही नसणार हे डोक्यात पक्कं बसलेलं, त्यामुळे समोर असलेलं दिसलंच नाही. मग त्यांनी सांगितलं की जीवंतस्वामी म्हणजे दीक्षा घेण्याआधीचे महावीर, अजून राजपुत्र आहेत, म्हणून मुकुट. आता हे मी मेले तरी विसरणार नाही. आणि त्याच दिवशी मला कळलं की ड्रॉइंग आणि हिस्टरी हे वेगळे दोन विषय नाहीतच, नीट बघितलं नाही तर दोन्ही चुकतं.

शेजारची चामरधारिणी, म्हणजे चवरी ढाळणारी बाई, तर मी नंतर पाच-सहा वेळा जाऊन काढली. त्रिभंग त्रिभंग आपण वाचतो, पण शरीराचं वजन एका पायावर टाकलं की कंबर कशी सरकते, खांदा उलटीकडे कसा झुकतो, हे पेन्सिलीने तीन वेळा चुकल्यावरच समजतं. काका तर आम्हाला तसं उभं राहायला लावायचे, दोन मिनिटांत पाय भरून यायचा.

फतेहसिंह म्युझियमला गेलो तेव्हा वेगळाच नियम होता. रवि वर्मांच्या 'सीता भूमिप्रवेश'समोर अर्धा तास नुसतं उभं राहायचं, फोन बॅगेत, हातात काही नाही. बाहेर आल्यावर आठवेल तसं काढायचं आणि त्यांचे प्रश्न सुरू. सीतेची मान कुठे वळलीये? राम आणि तिच्यामध्ये जागा किती सोडलीये? उजेड कुठून येतोय? मला साडीच्या चुण्या आठवत होत्या आणि उजेडाची दिशा आठवेना. दुसऱ्या फेरीत सगळ्यांनी आधी उजेड बघितला. मग ऑइलमध्ये तो उजेड दाखवता येतो, पुराणातली माणसं आपल्या घरातल्यासारखी हाडामांसाची वाटायला लागतात, हे सगळं त्या प्रश्नांवरून ओघात आलं. आणि लगेच पुढच्या आठवड्यात कीर्ती मंदिर, म्हणजे गायकवाड घराण्याचं स्मारक, तिथली शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं. तिथे सगळा खेळ रेषेचा, एवढी मोठी भिंत आणि ती रेषेवर उभी. तेच पुराण, पण रवि वर्मांना नको असलेलं सगळं इथे हवं होतं. हा फरक मला कुठल्याच झेरॉक्सने सांगितला नसता.

सनावळी पाठ करून घेत नाहीत. खोलीच्या भिंतीवर कागदाची एक लांबलचक पट्टी चिकटवलीये, त्यावर आपण बघून आलेली वस्तू बोटाएवढी काढायची आणि साल लिहायचं. १८७५ ला सयाजीराव गादीवर, १८९४ म्युझियम, १९३९ ला सयाजीराव गेले आणि त्याच वर्षी कीर्ती मंदिरातली पहिली भिंत, 'गंगावतरण'. १९५० ला आपलं फाइन आर्ट्स, आणि तिथे पेंटिंग शिकवायला आलेले ना. श्री. बेंद्रे, जन्माने इंदूरचे. मला परीक्षेत पट्टीवरची जागाच दिसायची, डावीकडे खिडकीपाशी की उजवीकडे कपाटापाशी, आणि साल आपोआप यायचं.

आता ज्या गोष्टी आवडल्या नाहीत त्या. नोट्स अजिबात मिळत नाहीत, स्वतः लिहून घ्यायचं, आणि ज्याचा एक रविवार बुडाला त्याचा तो बुडालाच. रंगांवर वेळ फार कमी देतात, मला वॉटरकलर कॉलेजात गेल्यावर पहिल्यापासून शिकावे लागले. ॲप्लाइड आर्ट्सला जायचं असेल तर लेटरिंग, पोस्टर वगैरे इथे होत नाही, त्यांनी दुसरीकडे बघावं. परीक्षा जवळ आली की मुलं वाढतात, खोलीत बोर्डाला बोर्ड लागतो आणि मागच्यांना मॉडेल दिसत नाही. हे मी काकांना तोंडावर सांगितलं होतं, त्यांनी दोन बॅच केल्या, पण जरा उशिराच.

फी मोठ्या क्लासच्या निम्मी आहे आणि ज्याला जमत नाही त्याच्याकडून ते मागतही नाहीत, हे मी स्वतः बघितलंय. कार्ट्रिज पेपर महाग पडतो म्हणून रफ कामाला न्यूजप्रिंट वापरायला सांगतात. ४बी आणि ६बी पेन्सिली, कोळसा, बोर्ड, दोन क्लिपा, एवढं पुरतं, सुरुवातीलाच महागडे सेट घेऊ नका.

कॉलेजात पहिल्या वर्षाला आर्ट हिस्टरीच्या लेक्चरला स्लाइडवर तोच जीवंतस्वामी आला तेव्हा माझ्या शेजारच्या मुलीने वहीत नाव उतरवलं आणि माझा हात आपोआप मुकुट काढायला लागला.

जायचं असेल तर दिवाळीनंतर लगेच जा, उशीर केलात तर मागची जागा मिळते. जिना अरुंद आणि उभा आहे, मोठा बोर्ड आडवा धरून चढा. आणि पहिल्या दिवशी तुमची जुनी चित्रं घेऊन जाऊ नका, ते बघत नाहीत, समोरची खुर्ची काढायला लावतात.