सिल्क रूट टूर: उझबेकिस्तानची घ्यायची की चीनची?

सिल्क रूट टूर म्हणून सध्या दोन अगदी वेगळ्या टूर मिळतात. एक उझबेकिस्तानची, म्हणजे ताश्कंद, समरकंद, बुखारा, खिवा, साधारण सात-आठ दिवस. दुसरी चीनची, शिआनहून निघून दुनहुआंग, तुर्पान करत उरुमचीला संपणारी, ती बारा दिवसांच्या खाली नीट होतच नाही. मी चीनची २०१९ च्या सप्टेंबरमध्ये केली नवऱ्याबरोबर आणि उझबेकिस्तानची २०२४ च्या एप्रिलमध्ये सासूबाईंना घेऊन, दोन्ही ग्रुप टूरच. आता ओळखीतलं कोणी विचारतं कुठली घेऊ, तर माझा पहिला प्रश्न असतो बरोबर कोण येणार आहे आणि दुसरा, अजिंठा बघितलंय का. दुसरा प्रश्न का ते पुढे येईलच.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. सिल्क रूट हे नाव व्यापाऱ्यांनी दिलेलं नाही, रिश्टहोफेन नावाच्या जर्मन भूगोलतज्ज्ञाने १८७७ मध्ये ते रूढ केलं. सलग असा एक रस्ता कधी नव्हताच आणि चीनमधून निघालेला व्यापारी थेट रोमला पोचला असंही सहसा व्हायचं नाही, माल एका गावाहून दुसऱ्या गावाला हात बदलत जायचा. त्यामुळे 'संपूर्ण सिल्क रूट' असं ब्रोशरमध्ये लिहिलेलं दिसलं तर त्यावर जाऊ नका, तुम्हाला त्यातला एक तुकडा दिसणार आहे आणि तो कुठला ते तुम्ही ठरवायचंय.

उझबेकिस्तानचा तुकडा म्हणजे मुक्कामाची आणि बाजाराची गावं. ताश्कंद ते समरकंद अफ्रोसियोब नावाची फास्ट ट्रेन आहे, दोन तासांच्या थोडं वर लागतात, तीच पुढे बुखाऱ्यालाही जाते. सासूबाई बहात्तर वर्षांच्या, गुडघे दुखतात, तरी त्यांना कुठे अडलं नाही. रेगिस्तान चौक सगळा सपाट, तिन्ही बाजूंना मदरसे, त्यातला उलुगबेग राजाचा १४२० चा, बाकीचे दोन सतराव्या शतकातले, मध्ये बाकावर बसून निवांत बघता येतं. शाह-ए-झिंदाला मात्र चाळीसेक पायऱ्या आहेत. तिथे चढताना आणि उतरताना मोजलेला आकडा सारखा आला तर मनातली इच्छा पूर्ण होते म्हणतात, सासूबाईंनी हात धरून सगळ्या चढल्या आणि मोठ्याने मोजल्या, आकडा जुळला तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता.

पण मला विचाराल तर उझबेकिस्तानात खरा सिल्क रूट समरकंदपेक्षा बुखाऱ्याला कळतो. समरकंद भव्य आहे, राजांचं आहे. बुखारा व्यापाऱ्यांचं आहे. तिथे रस्ते जिथे एकमेकांना छेदतात तिथे विटांचे घुमट बांधलेत, उन्हातून आत शिरलं की एकदम गारवा, खाली दुकानं. एक टोपीवाल्यांचा घुमट, एक सोनारांचा, आणि एक तोकी सर्राफोन. गाईडने नाव सांगितलं आणि मी नाशिकची, सराफ बाजारात वाढलेली, मला अर्थ सांगायची गरजच पडली नाही. वेगवेगळ्या देशांची नाणी बदलून देणारे लोक इथे बसायचे आणि त्यात आपल्याकडचे मुलतानी व्यापारीही असायचे, बुखाऱ्यात त्यांच्या स्वतःच्या सराया होत्या. माल हात बदलत जातो असं वर म्हटलं ना, तो हात बदलायचा तर नाणंही बदलायला लागणार, ते काम या एका घुमटाखाली व्हायचं. हे मला पुस्तकातून कधी इतकं स्वच्छ कळलं नव्हतं. आणि मग असे शब्द सगळीकडे ऐकू यायला लागतात, बोझोर, दरवोझा, दोस्त, मेहमोन, कांद्याला पियोझ.

खिवा सुंदर आहे, तटबंदीच्या आतलं अख्खं गाव जपलंय, जुम्मा मशिदीतले दोनशेच्या वर कोरीव लाकडी खांब अंधारात उभे आहेत ते विसरता येत नाहीत. पण बुखारा ते खिवा साडेचारशे किलोमीटर वाळवंटातून, बसने पूर्ण दिवस जातो. बरोबर ज्येष्ठ असतील आणि दिवस कमी असतील तर खिवा सोडा आणि बुखाऱ्याला एक रात्र वाढवा. बऱ्याच टूरमध्ये उलटं करतात, चार गावं मोजता यावीत म्हणून बुखारा एका दिवसात उरकतात. ते टाळा.

आता चीन. इथे अंतर हाच मुख्य अनुभव आहे. शिआनहून दुनहुआंग दीड हजार किलोमीटरच्या वर आहे, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला वाळवंट, मधल्या पट्ट्यातून गाडी जात राहते, जात राहते. जियायुग्वानला मिंग काळातला १३७२ चा किल्ला आहे, चीनच्या भिंतीचं पश्चिमेकडचं टोक, त्याच्या दारात उभं राहून पुढचं रखरखीत माळरान बघितलं की उंटावरून निघालेल्या माणसाला काय वाटलं असेल ते पोटात कळतं. हे उझबेकिस्तानच्या टूरमध्ये मिळत नाही. ट्रेन झकास आहेत पण स्टेशनं गावापासून लांब, दुनहुआंगसाठी लिउयुआनला उतरून परत दोनेक तास बस. दर दोन दिवसांनी सामान बांधा. सासूबाईंना मी इथे नेलं नसतं.

दुनहुआंगच्या मोगाओ गुहा मात्र अशा आहेत की बाकी सगळी दगदग विसरायला होते. इसवी सन ३६६ मध्ये एका भिक्षूने पहिली गुहा खोदवली आणि मग हजार वर्षं लोक खोदत, रंगवत राहिले. भित्तिचित्रं असलेल्या गुहा ४९२ आहेत. अजिंठ्याचा दगड कठीण बसाल्ट, म्हणून आपल्याकडे मूर्ती कातळातच कोरल्या. मोगाओचा खडक भुसभुशीत, गोटे आणि वाळू घट्ट बसून झालेला, त्यात कोरीव काम टिकत नाही, म्हणून त्यांनी लाकडाचा सांगाडा करून त्यावर गवत आणि माती लिंपून मूर्ती घडवल्या. एका बोधिसत्त्वाचा हात मनगटापाशी तुटलेला होता, गाईडने टॉर्च तिथे धरला तर आत काडी आणि गवताची पेंढी स्पष्ट दिसली, आपल्या गणपतीच्या कारखान्यात दिसते तशी. बाराशे वर्षांपूर्वीची ती पेंढी बघून मला गलबलून आलं.

आणि शिआनला तो बिग वाइल्ड गूज पॅगोडा आहे, ६५२ सालचा, चिनी बौद्ध भिक्षू ह्युएन त्संगने भारतातून नेलेल्या ग्रंथांसाठी बांधलेला. ६४५ मध्ये तो परतला तेव्हा त्याच्याबरोबर ६५७ ग्रंथ होते. हा माणूस आपल्या महाराष्ट्रात येऊन गेलेला, पुलकेशीच्या राज्यात, इथली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमान सोडत नाहीत असं लिहून ठेवलंय त्याने, आणि डोंगरातल्या ज्या विहाराचं वर्णन केलंय तो बहुतेक अजिंठाच. तोच जाताना तुर्पानजवळच्या गाओचांगला थांबला, तिथला राजा सोडेना म्हणून उपास धरून बसला, आणि तोच पुढे समरकंदलाही गेला. म्हणजे दोन्ही टूरमधून त्याचाच रस्ता जातो. म्हणून मी विचारते अजिंठा बघितलंय का. बघितलं नसेल तर आधी ते बघा, मग मोगाओ दुप्पट कळेल.

तुर्पानबद्दल थोडं लिहिल्याशिवाय राहवत नाही कारण आम्ही द्राक्षाच्या गावचे. तिथे बेदाणे उन्हात नाही, सावलीत वाळवतात. मातीच्या विटांची खोली, भिंतीभर भोकं, आत अंधारात काठ्यांना घड टांगलेले आणि गरम कोरडा वारा भोकांमधून आरपार. महिनाभरात हिरवाच्या हिरवा बेदाणा तयार. पाणी येतं ते तिएनशान डोंगराच्या बर्फाचं, जमिनीखालच्या कारेझ कालव्यांतून, औरंगाबादच्या नहर-ए-अंबरीचाच भाऊबंद.

गाईडचा फरक महत्त्वाचा आहे. उझबेकिस्तानात तुमचा गाईड सगळीकडे तुमच्याबरोबर आत येतो, हिंदी बोलणारेही मिळतात, ताश्कंदला आमच्या गाईडने आपणहून शास्त्रीजींच्या पुतळ्यापाशी नेलं, तिथे ग्रुपमधल्या बायकांनी फुलं वाहिली. मोगाओत तसं नाही, तिथल्या संस्थेचाच गाईड लागतो, कुठल्या गुहा उघडायच्या ते तेच ठरवतात, आत फोटो काढायला बंदी. आणि तिकिटं दोन प्रकारची. आधी बुक केलेल्या मुख्य तिकिटात आठ गुहा आणि आधी माहितीपट, ती संपली की दुसऱ्या प्रकारात फक्त चार. आमच्या टूरवाल्यांनी उशिरा बुकिंग केलं आणि आम्हाला चारच मिळाल्या, तेही तिथे गेटवर कळलं. इतक्या लांब जाऊन चार गुहा, अजून मनातून जात नाही. पैसे भरण्याआधी मोगाओचं तिकीट कुठल्या प्रकारचं ते लेखी घ्या, याला पर्याय नाही.

शिनजियांगमध्ये, म्हणजे तुर्पान-उरुमचीला, आम्ही गेलो तेव्हा पावलोपावली चेकिंग होतं, पेट्रोल पंपावरसुद्धा. तिथल्या उइगुर मुस्लिम लोकांवर काय गुजरतंय ते आपण वाचलेलं असतं आणि बाजारात कोणी मोकळं बोलत नाही तेव्हा ते आठवतं. मला ते जड गेलं. ज्यांना नको वाटेल त्यांनी टूर दुनहुआंगलाच संपवावी, अशाही मिळतात.

जेवणाचं म्हणाल तर शुद्ध शाकाहारी माणसाचे हाल दोन्हीकडे, पण उझबेकिस्तानात कमी. पुलाव मटणातच शिजतो, त्यातलं मटण बाजूला काढून देतो म्हणतील, ते चालत नसेल तर आधीच सांगा. पण तंदूरमधला नान अप्रतिम, समरकंदचा तर जाड, चकाकणारा, मधोमध ठसा उठवलेला, त्याबरोबर टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर, दही, भोपळ्याचा सामसा. सासूबाईंनी नान, दही आणि घरून नेलेली शेंगदाण्याची चटणी यावर आठ दिवस आनंदात काढले. चीनमध्ये भाज्या उत्तम पण तेल कसलं, सॉस कसला हे विचारण्यात वेळ जातो, ग्रुपबरोबर भारतीय जेवणाची सोय आहे का ते नक्की करा.

व्हिसा उझबेकिस्तानचा ऑनलाइन, सोपा. दिल्लीहून ताश्कंद विमानाने तीनेक तास. चीनचा टुरिस्ट व्हिसा भारतीयांसाठी २०२० पासून बंद होता, जुलै २०२५ पासून परत सुरू झालाय, पण कागदपत्रं जास्त लागतात म्हणून दोन महिने हातात ठेवा. चीनमध्ये व्हॉट्सॲप, गुगल साध्या नेटवर चालत नाही, घरी लहान मुलं किंवा आजारी माणूस ठेवून जाणार असाल तर याचा विचार आधी करा. खर्चही चीनचा बराच जास्त, दिवस आणि अंतर दोन्ही जास्त म्हणून.

सीझन दोन्हीकडे एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. जूनअखेरपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंतच्या कडक उन्हाच्या चाळीस दिवसांना उझबेक लोक चिल्ला म्हणतात, तेव्हाची टूर स्वस्त दिसली तरी घेऊ नका. तुर्पान तर चीनमधलं सगळ्यात तापणारं ठिकाण.

आईवडिलांना घेऊन जाताय, आठवडाच सुट्टी आहे, पहिल्यांदाच जाताय, तर डोळे मिटून उझबेकिस्तान, फक्त बुखाऱ्याला दोन रात्री आहेत ना ते बघा. पाय धड आहेत, पंधरा दिवस काढता येतात आणि अजिंठ्याच्या एक नंबरच्या लेण्यात पद्मपाणीसमोरून हलावंसं वाटलं नव्हतं, तर चीन, आणि आठ गुहांचं तिकीट हातात आल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका.