रांग टाळण्यासाठी जादा पैसे मोजावेत का? दहा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या ऑगस्टपासून या मे महिन्यापर्यंत ऐरोलीचे आमचे कुटुंब सहा वेळा थीम पार्कला जाऊन आले. त्यांपैकी चार वेळा आम्ही रांग टाळण्यासाठी मिळणारे महाग तिकीट घेतले आणि दोन वेळा साध्या तिकिटावर गेलो. प्रत्येक वेळी मी पर्समध्ये एक छोटी वही ठेवली आणि प्रत्येक राइडच्या रांगेत शिरल्याची व प्रत्यक्ष आसनावर बसल्याची वेळ तिच्यात टिपून ठेवली. पहिल्या खेपेला हे केवळ कुतूहलापोटी केले होते, पण नंतर त्या नोंदींनीच माझे मत दोनदा बदलले. एक फेरी परदेशातली होती, उरलेल्या पाच भारतातल्या. भारतातल्या पार्कांची नावे मी देत नाही, कारण मला जे सांगायचे आहे ते एखाद्या पार्काविषयी नसून या तिकिटाविषयी आहे.

पार्कागणिक या तिकिटाचे नाव बदलते. वंडरलामध्ये त्याला फास्टट्रॅक म्हणतात, युनिव्हर्सलच्या पार्कांत एक्सप्रेस म्हणतात आणि अमेरिकेतल्या डिस्नेच्या पार्कांत लाइटनिंग लेन. डिस्नेने 1999 मध्ये फास्टपास सुरू केला तेव्हा तो फुकट होता. पाहुण्याला ठरावीक वेळेची चिठ्ठी मिळे आणि त्या वेळी त्याने परत यायचे असे. 2021 मध्ये ती सोय बंद झाली आणि तिच्या जागी पैसे घेणारी व्यवस्था आली. आमच्या पिढीला मात्र यातले काहीच ठाऊक नव्हते. 1989 मध्ये गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झाले, त्यानंतर शाळेच्या सुट्टीत लाँचने खाडी ओलांडून तिथे गेलेल्या कोणत्याही मुलाला एवढेच माहीत होते की रांग एकच असते आणि सगळे तिच्यातच उभे राहतात.

ऑगस्टमधली पहिली फेरी पावसाळ्यातल्या बुधवारी झाली. तिकीट ऑनलाइन काढताना शेवटच्या पानावर एक्सप्रेसचा पर्याय दिसला आणि आम्ही दोघांनी फारसा विचार न करता चौघांसाठी तो घेतला. एकूण खर्च साध्या तिकिटाच्या जवळजवळ दीडपट झाला. त्या दिवशीच्या नोंदी आज वाचतानाही वाईट वाटते, कारण साध्या रांगेतली सर्वांत मोठी प्रतीक्षा बारा मिनिटांची होती आणि आमची चार मिनिटांची. दिवसभरात सात राइडवर मिळून आमची जेमतेम अर्धा-पाऊण तास बचत झाली असेल. त्यातही सात वर्षांच्या मुलाची उंची तेव्हा 117 सेंटिमीटर होती, त्यामुळे दोन मोठ्या रोलर कोस्टरवर त्याला प्रवेशच नव्हता आणि त्याच्या तिकिटाचे तेवढे पैसे बसण्याआधीच वाया गेले होते.

गर्दी थोडी वाढली की रांग एवढी कशी वाढते, हे समजून घेतल्यावर तिकीट कोणत्या दिवशी घ्यावे याचा निम्मा निर्णय आपोआप होतो. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतले ए. के. एर्लांग यांनी 1909 मध्ये दूरध्वनीच्या जोडण्यांवर याविषयीचा पहिला महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्यातूनच पुढे रांगांचे गणित उभे राहिले. त्या गणिताच्या सर्वांत साध्या मांडणीत, एखाद्या सोयीकडे तिच्या क्षमतेच्या निम्मी माणसे येत असताना जी सरासरी प्रतीक्षा असते, ती ऐंशी टक्के गर्दीला चौपट होते, नव्वद टक्क्यांना नऊपट आणि पंच्याण्णव टक्क्यांना एकोणीसपट. म्हणजे माणसे दुप्पटसुद्धा झालेली नसतात आणि रांग मात्र अनेक पटींनी लांबते. थीम पार्कमधली गर्दी या गणिताइतकी सरळ वागत नाही, तरीही आमच्या वहीतल्या ऑगस्टच्या बुधवारची आणि डिसेंबरच्या रविवारची तफावत पाहिली की त्याचे मर्म ध्यानात येते.

डिसेंबरमधली फेरी नाताळच्या सुट्टीतल्या रविवारी झाली. त्या दिवशी मुख्य रोलर कोस्टरच्या साध्या रांगेबाहेर पंचाहत्तर मिनिटांचा फलक लागला होता आणि आम्ही एक्सप्रेसच्या वाटेने सोळा मिनिटांत आसनावर होतो. दुपारी चार वाजेपर्यंत आमच्या नऊ राइड झाल्या. फलकांवरच्या वेळांची बेरीज केली तर त्याच राइडना साध्या रांगेतून सहा तासांहून अधिक लागले असते. त्या दिवशीचे पैसे पुरेपूर वसूल झाले, असे मी निःसंकोच सांगते. एक तक्रार मात्र नोंदवायलाच हवी. ज्या राइडच्या ओढीने मुलीने या पार्काचा हट्ट धरला होता ती दुपारी बिघडून बंद पडली. ती दिवसभरात पुन्हा सुरू झाली नाही आणि एक्सप्रेसच्या रकमेतला एक रुपयाही परत मिळाला नाही. तसा नियम तिकिटाच्या अटींत लिहिलेला होता, हे मी घरी आल्यावर वाचले. पण सर्वांत मोठी राइड बंद असताना खिडकीवर त्याच दराने एक्सप्रेस विकणे चालूच ठेवावे आणि विकत घेणाऱ्याला ते सांगूही नये, हे मला आजही पटलेले नाही.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सिंगापूरच्या युनिव्हर्सल स्टुडिओजला गेलो होतो. तिथे प्रत्येक राइडवर एकदाच चालणारे आणि हवे तितक्यांदा चालणारे असे एक्सप्रेसचे दोन प्रकार मिळतात आणि तारखेनुसार दर बदलतो. आम्ही एकदाच चालणारे घेतले आणि ते पुरले. एकच दिवस हातात असलेल्या आणि पुन्हा कधी येऊ याची खात्री नसलेल्या प्रवाशाने ते घ्यावे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. एकेकट्याने बसण्याची तयारी असेल तर काही राइडवर रिकाम्या राहणाऱ्या आसनांसाठी वेगळी रांग असते आणि तिला जादा पैसे पडत नाहीत, हेही तिथेच कळले. बारा वर्षांची मुलगी आणि तिचे बाबा त्या वाटेने एका राइडवर दुसऱ्यांदा बसून आले.

जानेवारीत आम्ही साध्या तिकिटावर गेलो, पण पहाटे साडेसहाला ऐरोलीहून निघालो आणि गेट उघडण्याच्या अर्धा तास आधी दारात हजर होतो. आत शिरताच बहुतेक जण प्रवेशद्वाराजवळच्या पहिल्या राइडकडे वळले, तेव्हा आम्ही थेट पार्काच्या टोकाला गेलो आणि तिथून मागे येत राहिलो. एक वाजेपर्यंत पाच मोठ्या राइड झाल्या आणि एकाही ठिकाणी पंचवीस मिनिटांहून अधिक थांबावे लागले नाही. एक्सप्रेसने जे मिळते त्यातला बराच मोठा भाग लवकर उठून फुकट मिळतो, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

मे महिन्यातल्या फेरीविषयी मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण तिने या तिकिटाची दुसरी बाजू दाखवली. आम्ही साध्या रांगेत होतो. स्टीलच्या कठड्यांमधून वळणे घेत, पंख्याखाली थांबत, पन्नास मिनिटांनी आम्ही दोन्ही रांगा एकत्र येतात त्या जागी पोहोचलो. तिथे एक तरुण कर्मचारी साखळी हातात धरून उभा होता. एक्सप्रेसवाले आले की तो आमच्या बाजूची साखळी लावी, आणि ते संपले की आमच्यातले चार-सहा जण सोडी. गाडीला एका ओळीत चार अशा पाच ओळी, म्हणजे वीस आसने होती. मी लागोपाठ दहा गाड्या मोजल्या. दोनशे आसनांपैकी एकशे बारा एक्सप्रेसकडे गेली आणि अठ्ठ्याऐंशी आमच्याकडे, आणि आमची रांग तर मागे पार फाटकापर्यंत गेली होती. माझ्या पुढे एक बाई दोन-अडीच वर्षांच्या झोपलेल्या मुलाला खांद्यावर घेऊन मोठ्या मुलाबरोबर उभ्या होत्या. साखळी लागली की त्या मुलाचे डोके एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेत. मी मोजत असताना त्यांनी तसे सात वेळा केले. मुलीने हळूच विचारले, “आई, डिसेंबरमध्ये आपण असेच पुढे गेलो होतो ना?” मी हो म्हटले.

राइडची तासाची क्षमता ठरलेली असते. एक्सप्रेस तिकीट एकही नवे आसन निर्माण करत नाही. ज्या दहा गाड्यांत अर्ध्याहून अधिक आसने एका वाटेने जातात, त्याच दहा गाड्यांत दुसरी वाट अर्ध्याहून कमी वेगाने सरकते, आणि जी रांग एरवी तासाभरात संपली असती ती दोन तासांहून अधिक चालते. शिवाय साधी रांग जितकी लांबेल तितके एक्सप्रेस अधिक खपते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाने जाणाऱ्यांना याचा एक सौम्य नमुना माहीत आहे. सुरुवातीला फास्टॅगची मार्गिका मोकळी असे, म्हणून ज्यांच्याकडे तो होता ते खालापूरच्या नाक्यावर सर्रकन पुढे जात. पुढे तो सर्वांनाच सक्तीचा झाला आणि सुट्टीच्या सकाळी सगळे पुन्हा एकमेकांच्या मागे आले. म्हणून जे पार्क दिवसाला ठरावीक संख्येनेच एक्सप्रेस विकते, त्याच्या तिकिटाला किंमत आहे. जे मागेल त्याला विकते, तिथे भर गर्दीत ती वाटसुद्धा तुंबते आणि साध्या तिकिटावर आलेल्या माणसाचे हाल दुप्पट होतात. विक्रीची ही मर्यादा आणि रांगा एकत्र करण्याचे प्रमाण पार्कांनी तिकीट खिडकीवर लिहून लावावे, अशी माझी कळकळीची मागणी आहे.

एवढे सगळे पाहूनही मी हे तिकीट सरसकट नाकारत नाही, आणि त्याचे कारण सासूबाई आहेत. त्या जानेवारीत आमच्याबरोबर होत्या. त्यांचे गुडघे दुखतात. चालणे जमते, पण एका जागी उभे राहणे जमत नाही. अंधारातून होडीने फिरवून आणणाऱ्या एका संथ राइडच्या रांगेत त्या दोन्ही हात कठड्यावर टेकून एकदा या पायावर, एकदा त्या पायावर भार देत उभ्या होत्या. तिसऱ्या वळणावर त्या म्हणाल्या, “तुम्ही जा गं, मी बाहेर बाकावर बसते.” नातवाने होडीतून उतरल्यावर धावत जाऊन त्यांना सगळे सांगितले, पण ते ऐकणे आणि पाहणे एक नव्हे. मार्चमध्ये आम्ही फक्त त्यांच्यासाठी आणि नातवासाठी, अशी दोनच एक्सप्रेस तिकिटे घेतली. जिथे लहान मुलाबरोबर मोठे माणूस चालते अशा चार संथ राइड त्या दोघांनी एकामागून एक केल्या आणि एकदाही त्यांना सहा मिनिटांहून अधिक उभे राहावे लागले नाही. आम्ही उरलेले तिघे साध्या रांगांतून मोठ्या राइडवर गेलो. आमच्या सहा फेऱ्यांत सर्वांत योग्य जागी खर्च झालेले पैसे तेच. ज्येष्ठांसाठी किंवा चाकाच्या खुर्चीवरच्या पाहुण्यांसाठी काही पार्क वेगळी सोय देतात, म्हणून असे तिकीट काढण्याआधी फोन करून तेही विचारावे.

विकत घ्यायचेच ठरले तर तिकिटात कोणत्या राइड येतात ती यादी आधी वाचावी, कारण नव्या आणि सर्वाधिक गर्दीच्या राइड काही वेळा तिच्यात नसतात. शेकडो माणसे एकदम आत घेणाऱ्या प्रेक्षागृहातल्या खेळांना एक्सप्रेसचा फारसा उपयोग होत नाही, त्यामुळे यादीतली त्यांची संख्या पाहून भुलू नये. मुलांची उंची घरी मोजूनच निघावे. मोठ्या कोस्टरची अट बहुधा 120 ते 140 सेंटिमीटरच्या दरम्यान असते. आमचा मुलगा आता 121 सेंटिमीटरचा आहे आणि आतापासूनच याद्या करून बसला आहे.

येत्या दिवाळीसाठी आम्ही भाऊबीज उलटल्यानंतरच्या आठवड्यातला मंगळवार निवडला आहे. त्या दिवशी गर्दी उतरलेली असेल असा माझा अंदाज आहे. तरीही सासूबाई येणार आहेत, म्हणून तीन तिकिटे साधी आणि दोन एक्सप्रेसची काढणार आहोत.