पुढचा ऑक्सिजन सेन्सर: एक उन्हाळा आणि कोल्हापूरचा एक पावसाळा वापरल्यावर

गाडी बीएस-४ पेट्रोल हॅचबॅक, रनिंग लाखाच्या पुढं. बदलला तो फक्त पुढचा, म्हणजे कॅटच्या (धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) आधीचा सेन्सर. हाच धुरातला ऑक्सिजन मोजून पेट्रोल कमी-जास्त करायला सांगतो. मागचा मूळचाच आहे. नवीन माल मूळ सेन्सर बनवणाऱ्या कंपनीचाच, चार वायरचा, त्याच कपलरचा. फरक असा: गावातलं अॅव्हरेज सुधारलं, सिग्नलवरचं हुंदडणारं आयडलिंग थांबलं आणि लाँग टर्म फ्यूल ट्रिम (ठरल्याहून किती जादा पेट्रोल घातलं जातंय त्याचा आकडा) अधिक १२-१३ टक्क्यांवरून ३-४ वर येऊन तिथंच टिकली. चेक इंजिनचा लाइट मात्र आधी एकदाही लागला नव्हता. सेन्सर म्हातारा होताना हळूहळू मंद पडतो. बहुतेक गाड्यांत ट्रिम २० टक्क्यांच्या आसपास गेल्याशिवाय ईसीयू (इंजिनचा कंप्युटर) तक्रारच करत नाही, आणि तोवर पेट्रोल जातच राहतं.

मग बदलायचा कधी? आत तापवणारा हीटर नसलेले जुने एक-दोन वायरचे सेन्सर ५० ते ८० हजार किलोमीटर, हीटरवाले साधारण एक लाख, असं म्हणतात. ते आकडे तपासणीचे समजा, बदलण्याचे नव्हे. गाडीच्या ओबीडी सॉकेटला लावायचा हजाराच्या आतला ब्लूटूथ स्कॅनर आणि मोबाइल पुरतो. इंजिन गरम करून २५०० आरपीएमवर धरा. पुढच्या सेन्सरचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ मध्ये नाचला पाहिजे आणि दहा सेकंदांत निदान सात-आठ वेळा ०.४५ ची रेघ ओलांडली पाहिजे. स्क्रीनवर तेवढं एकच रीडिंग ठेवा. दहा रीडिंग लावली की स्वस्त स्कॅनर धापा टाकतो आणि चांगला सेन्सरही आळशी दिसतो.

आपल्याकडं याहून भारी चाचणी फुकट मिळते: रत्नागिरी रस्त्यावरचा आंबा घाट. मोबाइल शेजारच्याच्या हातात द्या. चढाला तिसऱ्या गिअरात दाबली की व्होल्टेज ०.८ च्या वर चिकटून राहिला पाहिजे. उताराला गिअरात ठेवून अॅक्सिलरेटर पूर्ण सोडला की ईसीयू पेट्रोल तोडतो, सायलेन्सरमध्ये नुसती हवा जाते आणि आकडा लगेच शून्याजवळ आदळला पाहिजे. ०.३ वर रेंगाळला, किंवा खाली यायला सेकंद-दोन सेकंद घेतले, तर सेन्सर संपला. जुन्याचं नेमकं हेच होत होतं.

तरी पैसे मोजण्याआधी तीन गोष्टी. पहिली, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातून धूर बाहेर नेणारा भाग) गॅस्केटची गळती. तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सर खरं बोलतो पण लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) दाखवतो. थंड इंजिन चालू करून जोडांवर साबणाचं पाणी मारा, बुडबुडे दिसतात. दुसरी, पी०१३५ कोड (पुढच्या सेन्सरच्या हीटरची तक्रार) आला तर आधी हीटरचा फ्यूज. फ्यूज ठीक असेल तर कपलर काढून एकसारख्या रंगाच्या दोन वायरींमध्ये ओहम मोजा. काही ओहम दिसले तर हीटर शाबूत, काहीच नाही तर तुटलेला. तिसरी, ई-२० म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. ई-१० साठी बसवलेल्या गाडीत त्यातल्या जादा ऑक्सिजनमुळं ट्रिम दोन-चार टक्के वर राहणारच. ऊस आपलाच, तेव्हा तेवढं सेन्सरच्या माथी मारू नका.

बसवताना पाइप कोमट असावा. खाच असलेला २२ चा सॉकेट लागतो, साध्या पान्यानं कडा मारल्या जातात. नव्याच्या आट्यांवर अँटीसीझ (आटे जाम होऊ न देणारा लेप) लावूनच येतं, वरून काही थापू नका. टोकाला बोट किंवा गंज सोडवायचं तेल लागू देऊ नका. टॉर्क ४० ते ४५ न्यूटन मीटर. उतरवलेल्याचं टोक नीट बघा: काळी काजळी असेल तर मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) किंवा राजारामपुरी ते महाद्वार एवढंच रोजचं फिरणं, पांढरी भुकटी असेल तर कूलंट किंवा कुणीतरी ढीगभर लावलेला सिलिकॉन सीलंट, राखाडी-तपकिरी थर असेल तर ऑइल जळतंय. शेवटच्या दोन्हींत मूळ दुखणं न काढता नवीन बसवला तर तोही जाईल.

निम्म्या किमतीतला, वायर जोडून लावायचा युनिव्हर्सल सेन्सर घेऊ नये असं स्पष्ट मत आहे. या सेन्सरला तुलनेसाठी बाहेरची हवा लागते, आणि बऱ्याच डिझाइनमध्ये ती वायरच्या तारांमधल्या फटींतूनच आत जाते. उद्यमनगरात कुणी हौसेनं सोल्डर मारला किंवा कपलरमध्ये ग्रीस भरलं की ती वाट बंद.

पावसाळ्यात त्रास एकच. तापलेला सेन्सर साठलेल्या पाण्यात गेला की आतलं सिरॅमिक तडकू शकतं, म्हणून रस्त्यावर पाणी आलं की वळसा घेतलेला परवडतो. कपलर खालच्या बाजूला लोंबकळत होता, तो वर टायनं बांधल्यावर जुलै-ऑगस्टमध्ये काही झालं नाही.

मागचा सेन्सर सोबत बदलायचा आग्रह गॅरेजवाले धरतात. तो ०.६-०.७ वर शांत बसला असेल तर हात लावू नका. पी०४२० (कॅट नीट काम करत नाही हा कोड) आला तरी बहुतेकदा तो कॅटची चुगली करत असतो. आणि नव्या गाड्यांत पुढं एअर-फ्यूल सेन्सर असेल तर वरचे व्होल्टेज लागू नाहीत. तिथं लॅम्बडा (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा, १ म्हणजे नेमकं) १ च्या आसपास आहे का ते बघा.